ताम खरंच वाचते

जिल्ह्याच्या ब्रेल वाचन स्पर्धेला आपल्या अंधांच्या केंद्रातून ताम जाणार, असं खिएम गुरुजींनी जाहीर केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि तामने हात मांडीखाली लपवले.

कारण तामला ब्रेल वाचता येत नव्हतं. एक अक्षरही येत नव्हतं म्हणा ना.

वर्गात सहा जण. पाठ्यपुस्तक एकच, ते हातोहात फिरायचं. ताम मुद्दाम शेवटी बसायची. तिच्यापर्यंत पुस्तक येईतो धडा पाच वेळा कानावर पडून गेलेला असायचा, आणि कान असे तिखट की एकदा ऐकलेलं ती जन्मात विसरत नसे. मग पानावर नुसता हात ठेवून ती घडाघडा म्हणून टाकायची. डोळस मास्तर असता तर पहिल्याच दिवशी त्याने तिचं न हलणारं बोट पकडलं असतं. पण गुरुजी जन्मापासून आंधळे. त्यांची परीक्षा कानाने व्हायची, आणि त्यांच्या कानाला ताम वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती.

तिने सुरुवातीला प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून नऊ वर्षं ती माडाच्या झावळ्या सोलून हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या, काढत होती, खराटे बांधत होती. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला असे घट्टे पडलेले की सुई टोचली तरी कळू नये. तिथे कागदावरचे ठिपके काय कळणार? बाकीचे पुढे गेले, हिला लाज वाटली, आणि एका खोट्यामागे दुसरं लागलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला, हिएपला, सगळं सांगून टाकलं.

"मग वर्षभर मला रोज वर्गात वाचलेले धडे सांगत होतीस, ते काय होतं?"

"पाठ होतं."

"सगळं?"

"बत्तीसच्या बत्तीस धडे."

हिएप हातातला कोयता खाली ठेवून हसत सुटला. "डोकं आहे का भाताचं कोठार? जा, गुरुजींना सांगून मोकळी हो."

"कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यासमोर?"

"कुठल्याही जा. ते कुठे बघणारेत?"

तिने रागाने त्याच्या दिशेने एक हीर भिरकावली. ती बरोबर त्याच्या कानाला लागली, आणि दोघंही हसले. पण हसून झाल्यावर ताम म्हणाली, "अहो, मी तिसरीत शाळा सोडली. दुकानांच्या पाट्या सोडल्या तर आयुष्यात काही वाचलं नाही. आता लोक मला वाचणारी समजतात, तर मला वाचायचंय. खरोखर."

स्पर्धेला तीन आठवडे होते, आणि सरावासाठी म्हणून गुरुजींनी वर्गाचं पुस्तक तिला घरी दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून हिएपने झावळ्या स्वतःकडे घेतल्या आणि ताम पहिलं बोट खोबरेल तेलात बुडवून बसू लागली. शेजारणी विचारायच्या, बोट तळायला टाकलंयस का. आठ दिवसांनी कातडीचे दोन पापुद्रे निघाले, खाली पुन्हा तसलाच दगड.

नवव्या दिवशी सकाळी ती इतकी चिडली की तिने पुस्तक हाताने बाजूला सारलं. सारताना हाताची कड ओळीवरून घसरली, आणि ती एकदम थांबली. करंगळीखाली काहीतरी टोचलं होतं. वर एक, खाली एक, बाजूला काही नाही. तिने श्वास रोखून करंगळी परत मागे नेली. तेच. पुढे सरकवली, तर आणखी एक अक्षर, वेगळं.

ही करंगळी नऊ वर्षं कामचुकारपणा करत होती. ना कोयता धरला, ना हीर ओढली. गुरुजींनी पहिल्या बोटाने वाचायला सांगितलं, म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"अहो, इकडे या," ती ओरडली. हिएप धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

मग जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणणं कमीच. धडे पाठ होतेच. पानावर काय लिहिलंय ते तोंडाला माहीत, आता करंगळीने ते एकेक करून ओळखायचं. वर्षभराची लबाडी अशी कामाला आली. जेवताना ती टेबलावर ठिपके टोचायची, झोपेत हिएपच्या पाठीवर. आठवड्याभरात सगळी अक्षरं आली, तेव्हा ती गुरुजींकडे गेली आणि सगळं कबूल केलं.

गुरुजींनी दोन पेल्यांत चहा ओतला. "म्हणजे वर्षभर मी तुझ्या गळ्याला मार्क दिले," ते म्हणाले. त्यांनी कपाटातून कुठलंसं तिने न ऐकलेलं पान काढून पुढे सरकवलं. तामने चार शब्द वाचले, तेवढ्यात चहा निवला.

"नाव मी काढत नाही," गुरुजी म्हणाले. "शेवटची आलीस तरी चालेल. पण वाचून ये. पाठ म्हणून येऊ नकोस."

स्पर्धा बेन त्रे शहरातल्या मोठ्या सभागृहात होती. प्रत्येकाला नवं पान, तीन मिनिटं, मग घंटा. तामच्या आधीचे दहा जण असे सुसाट वाचून गेले की तिच्या तळहातांना घाम सुटला. तिने तो पायजम्याला पुसला आणि टेबलाशी बसली.

"ताई, बोट चुकीचं लावलंय तुम्ही," परीक्षक बाई म्हणाल्या.

"बोट माझंच आहे," ताम म्हणाली. सभागृहात खसखस पिकली.

तिने करंगळी पहिल्या ओळीवर ठेवली. "एक... म्हातारा... डुक्कर घेऊन... नावेत बसला." तिने दुसरी ओळ पकडली. "डुक्कर... नावेला... घाबरत होतं. नावाडी..." ती अडली, मागे गेली, पुन्हा आली. "नावाडी डुकराला घाबरत होता."

आणि ताम खुदकन हसली. हसू आल्यावरच तिच्या लक्षात आलं की हे तिला कुणी आधी सांगितलेलं नाही. पुढच्या ओळीत काय आहे ते कुणाच्याच तोंडून तिने ऐकलं नव्हतं. ते तिथे कागदावर होतं, आणि तिथून थेट तिच्याकडे येत होतं.

"नदीच्या... मध्यावर... डुकराने..."

घंटा वाजली.

"वेळ संपली, ताई," परीक्षक बाईंनी कागदाकडे हात नेला. तामने दुसऱ्या हाताने पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"उडी... मारली. म्हातारा..."

"ताई, आता गुण मिळणार नाहीत."

"नकोत," ताम म्हणाली. करंगळी पुढे सरकतच होती.

मागच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली. "अहो ताई, डुक्कर सापडलं का?"

"थांबा हो जरा," ताम म्हणाली, "मी वाचतेय."