मीटरवर साडेसात

मित्रांनो, मी एक जुना हंबकर पिकअप आहे. नाव परदेशी वाटलं तरी माझा मुक्काम नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा जिथे शेवटी टेकतात त्याला ब्रिज म्हणतात. त्या ब्रिजच्या अगदी शेजारी, तारांच्या खाली, माझी जागा. माझ्या पोटात लोहचुंबक आहे आणि केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या आहेत. वर गिटारची तार थरथरली की माझ्या तांब्यात इवलीशी वीज उठते. ती वायरीतून आवाज वाढवणाऱ्या ॲम्पमध्ये जाते आणि भोंग्यातून सूर निघतो. एका गुंडाळीवरही काम भागलं असतं, पण एकटी गुंडाळी जनरेटरची घरघरसुद्धा उचलते. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या की ती घरघर आपसात मिटते, घरातलं भांडण घरातच मिटावं तशी.

माझा पहिला जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. गिटार वाजवणाऱ्या रायसिंगने सुरतेहून जुनी गिटार आणली तेव्हा मी तिच्यात मुका होऊन पडलो होतो. माझी तार आतून तुटली होती. रायसिंग मला घेऊन खांडबाऱ्याच्या स्टेशनजवळच्या हेमराजभाऊंच्या दुकानात आला. तिथे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून मिळे. मोठ्या मोटारी हेमराजभाऊ भरत. पंखे, मिक्सर अशी नाजूक कामं त्यांची बायको जसोदाबाई करत. त्यांच्या दुकानात कुणी पिकअप कधी पाहिला नव्हता. पण जसोदाबाईंनी मला तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, गुंडाळी म्हणजे गुंडाळी, मोटारीची काय नि याची काय.

त्यांनी माझी जुनी तार उलगडायला घेतली. शंभर वेढे निघाले की एक चिंचोका बाजूला ठेवायच्या. दोन दिवसांत दोन्ही गुंडाळ्यांचे पन्नास-पन्नास चिंचोके झाले. रायसिंगने सुरतेहून तसलीच बारीक तार मागवली. ती भरताना हेमराजभाऊ म्हणाले की जागा उरलीच आहे तर हजारभर वेढे वाढव, आवाज दणदणीत होईल. जसोदाबाईंनी वेढे देणारं हातमशीन थांबवलं.

"जितला येढा निंघनात तितलाच भरसू," त्या म्हणाल्या. "वरतून एक बी नही."

हा त्यांचा धंद्यातला धर्म होता. मग त्यांनी मेणबत्त्या वितळवून मला मेणात बुडवलं, म्हणजे मोठ्या आवाजात मी शिट्ट्या मारू नयेत. त्या वेळी त्यांची मुलगी दिपाली कॉलेजात होती. आईने बोटं दुखेपर्यंत वेढे मोजले म्हणून ती आईला चिडवायची. मला विचाराल तर माझा खरा जन्म तो. तेव्हापासून मी जसोदाबाईंना आई मानतो.

रायसिंग वाजवायचा दिलवरसिंगभाऊंच्या बँडमध्ये. आमच्या भागात लग्नाचा बँड म्हणजे गाडीवर भोंगे, कीबोर्ड, ढोल आणि गिटार. वरातीत तर काय, जो जास्त ओरडेल तो शहाणा. पण हळदीचं काम वेगळं असतं. हळदीच्या गाण्यात गिटार प्रश्न विचारते: 'हळद लावाले कोन उनं वं माय, कोन उनं?' एवढी ओळ वाजवायची आणि थांबायचं. त्या मोकळ्या जागेत बायका नाव घालतात. काका उना, म्हणजे आला, मामा उना, मावशी उनी. ज्याचं नाव आलं त्याने उठायचं आणि नवरीला हळद लावायची. नाव आल्याशिवाय उठायचं नाही, हा मान असतो.

या कामात मी चांगला होतो, हे मी सांगितलं तर आपल्या तोंडाने आपली स्तुती होईल. पण खरं ते खरं. माझ्याजवळ स्वतःचा जोर फारसा नव्हता. त्यामुळे रायसिंगने तार हळू छेडली की मी हळू बोलायचो, जोरात छेडली की जोरात. त्याच्या बोटांत जे असेल ते तसंच्या तसं पुढे जायचं. आणि त्याने तारांवर तळहात ठेवला की मी लगेच गप्प. बायका म्हणायच्या, रायसिंगभाऊची गिटार बोलते आणि ऐकतेसुद्धा. अशी सहा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी जसोदाबाई आजारपणात गेल्या. दुकानातलं हातमशीन तेव्हापासून बंदच होतं. त्याच्या पुढच्या सीझनला दिलवरसिंगभाऊंनी एक नवा पिकअप आणला, चकचकीत झाकणाचा. हेमराजभाऊंच्या दुकानात त्यांनी दोघांना मीटर लावला. माझा आकडा आला साडेसात, त्याचा सोळा. सोळा मोठे की साडेसात, असं म्हणून ते हसले. मित्रांनो, मीटर फक्त पोटात तार किती भरली आहे ते सांगतो. कोण कसा बोलतो ते त्याला काय कळणार? पण त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. दिलवरसिंगभाऊंनी रायसिंगला बजावलं की गिटार भोंग्यातून उठून ऐकू आली पाहिजे, नाहीतर पुढच्या सीझनला नुसत्या कीबोर्डवर भागेल. रायसिंगने मला काढलं. हेमराजभाऊंनी मला फ्यूज आणि मोटारींच्या झिजलेल्या कार्बन-ब्रशांच्या खणात टाकून दिलं. मला फार वाईट वाटलं.

वर्षभर मी त्या खणात होतो, पण कान उघडे होते. एके दिवशी रायसिंग दुकानात येऊन उदास बसला. रनाळ्याच्या लग्नात घोटाळा झाला होता. नवा पिकअप इतका तापट की रायसिंगने तारांवर हात ठेवला तरी भोंग्यातून गुंजारव चालूच राहायचा. बायकांनी मामाचं नाव घेतलं, ते त्या गुंजारवात बुडालं. मामा मानाची वाट पाहत बसून राहिला. लोकांना वाटलं मामा रुसला. मामाला वाटलं आपल्याला मुद्दाम वगळलं. दोन्ही घरची माणसं हात जोडून त्याची समजूत काढत होती आणि नवरी अर्धवट हळदीने पाटावर बसून होती. रायसिंग म्हणाला की त्याला गिटार खाली ठेवून पळून जावंसं वाटलं.

आणि याच उन्हाळ्यात दिपालीचं लग्न ठरलं. बँड दिलवरसिंगभाऊंचाच. दिपालीचं मागणं एकच होतं. हळदीच्या गाण्यात आईचं नाव यावं. तिची आत्या फुलवंताबाई गावात हळदीच्या गाण्यांत पुढे असणारी. ती सुरू करते तेव्हाच बाकीच्या बायका गातात. ती दुकानात आली तेव्हा दिपालीने तिला विचारलं. आत्याने मान हलवली.

"हळद शुभ काम शे, बेटा. तठे गयेल मानूसनं नाव लेतस नही."

"तुम्ही सगळास्नं नाव लेशात," दिपाली म्हणाली. "मंग मन्ही मायनंच का बरं नही?"

आत्या कठोर नव्हती. तिला भाचीच्या संसाराची भीती वाटत होती. हेमराजभाऊ एका उघड्या मोटारीत तोंड घालून बसले होते. रायसिंग तिथेच होता. तो म्हणाला,

"मी गानामा जागा सोडी दिसू. तठे कोन गाई, ते मन्हा हातमा नही."

आत्या निघून गेल्यावर रायसिंगने खण उघडून मला बाहेर काढलं. त्याने दिपालीला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि रोजच्या आवाजात नावं घ्यायला सांगितलं. आधी त्याने सोबतची गिटार भोंग्याला जोडून नव्या पिकअपवर ओळ वाजवली आणि तारांवर हात ठेवला, तरी गुंजारव चालूच. दिपालीचे नुसते ओठ हलताना दिसले. मग मला जोडून तीच ओळ वाजवली. तिने "मामा उना" म्हटलेलं काउंटरपर्यंत स्वच्छ आलं. रायसिंगने दोनदा, तीनदा करून पाहिलं. त्याला ठाऊक होतं की मी कीबोर्डच्या मानाने कमी ऐकू येईन आणि दिलवरसिंगभाऊंनी शब्द खरा केला तर त्याचं बँडमधलं काम जाईल. तरी त्याने मलाच गिटारमध्ये बसवलं. कथलाचा डाग देऊन माझ्या वायरी पक्क्या केल्या.

हळद संध्याकाळी दारात मांडली. ऊन अजून भिंतीवर होतं. दिपाली पाटावर बसली आणि गाणं सुरू झालं. सुरुवातीला कीबोर्डने मला झाकून टाकलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, ओळ कुठे संपते ते त्यांना कळेना. दिलवरसिंगभाऊ गाडीवरून रायसिंगकडे रागाने पाहत होते. रायसिंगने आवाज वाढवला नाही. तो सावकाश, एकेक सूर सुटा करून वाजवत राहिला. काही वेळ असाच गेला. मग बायकांचं गाणं अडलंय हे दिलवरसिंगभाऊंच्या लक्षात आलं आणि त्यांनी कीबोर्डवाल्याला हाताने थांब म्हणून खुणावलं.

आता मी एकटाच होतो. कोन उनं वं माय, कोन उनं? आत्याने नाव घातलं. हेमराजभाऊ उठले. काका उठले, मामा उठला, मावशा उठल्या. सगळ्यांची नावं संपली. आत्याने हळदीच्या ताटावर झाकण ठेवलं.

तेव्हा रायसिंगने ओळ पुन्हा एकदा वाजवली. खूप हळू. आणि तारांवर हात ठेवला.

मी गप्प झालो. भोंग्यातून साधी घरघरही आली नाही. दारातल्या इतक्या बायकांपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्या आत्याकडे पाहत होत्या आणि आत्या ताटाकडे. ती जागा मोकळीच राहिली. मला वाटलं, संपलं. नवरी स्वतःच्या हळदीत गात नसते. पण खाली मान घालून बसलेल्या दिपालीचा आवाज आला. ती गात नव्हती, नुसती बोलली.

"मन्ही माय उनी."

मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ते ऐकू गेलं. हेमराजभाऊंनी तोंडावर उपरणं धरलं. फुलवंताबाईने ताटावरचं झाकण काढलं, दोन्ही हात हळदीत बुडवले आणि उठून ते दिपालीच्या दोन्ही गालांवर ठेवले.

"हाई जसोदानी हळद शे," ती म्हणाली आणि बायकांकडे वळून मोठ्याने गायला लागली, 'जसोदा उनी वं माय, जसोदा उनी.'

सगळ्या बायका गाऊ लागल्या. रायसिंगच्या बोटांनी मला पुन्हा बोलतं केलं.

मित्रांनो, रायसिंग अजून त्याच बँडमध्ये आहे आणि मी त्याच गिटारमध्ये. वरातीत मी कमी पडतो, ते मला मान्य आहे. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखं कुणी असेल, कमी बोलणारं, मीटरवर लहान आकडा दाखवणारं, तर त्याला कमजोर म्हणून खणात टाकू नका. आधी त्याच्याकडून काय काम घ्यायचं आहे ते बघा. मला ओलाव्यापासून जपा, माझी तार ओढू नका आणि मला गप्प राहू द्या. मी गप्प होतो तेव्हाच तुमच्या माणसाचं नाव ऐकू येतं.