फायबरची दुसरी नाव

बुऱ्हाणपूरला तापीच्या घाटावर त्या सकाळी फायबरची नाव पालथी घालायला सहा माणसं लागली. त्यांत कडूलाही बोलावलं होतं. वर्षभरात त्यानं नावेला हात लावला नव्हता.

गेल्या कार्तिकात, पाणी संथ असताना, त्याची फायबरची नाव पलीकडच्या जैनाबादकडे जाता जाता मध्येच तळातून उसवली. पूल लांब पडतो म्हणून केळी कापायला निघालेली बारा माणसं आत होती. अकरा वाचली. लीलाधरला पोहता येत नव्हतं, आणि कडूनं आधी दोघी बायांना ओढून काढलं होतं. तो परत वळला तेव्हा पाण्यावर कोणी नव्हतं. चौकशीत लिहिलं गेलं, नावाड्याच्या हयगयीनं नाव खडकावर आदळली. कडू परोपरीनं सांगत राहिला की धक्का बसलाच नाही. ‘मग तळ काय आपोआप फुटला?’ असं ज्यानं त्यानं विचारलं. परवाना गेला. तेव्हापासून तो मंडीत केळीचे घड उतरवत होता.

नावाड्यांच्या संस्थेनं अशा दोन नावा एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी आणल्या होत्या. दुसरी अजून चालू होती. यंदा तिच्या परवान्याआधी तपासणी सांगितली गेली, म्हणून इंदूरच्या एका कॉलेजातून सुनंदा मॅडम आल्या. त्यांचं माहेर इथल्याच लालबागचं. घाटावर त्यांना कोणी परकं मानलं नाही.

मांडवाच्या सावलीत दोन मोठे दिवे लावून त्यांनी नावेचा तळ हातभर हातभर तापवला. दिवा बाजूला झाला की लगेच त्या आपला कॅमेरा रोखत. त्याच्या पडद्यावर नाव निळी-जांभळी दिसत होती. अर्धा तास सगळं एकसारखं होतं. मग मधल्या कण्याजवळ एक पिवळा डाग उमटला, परातीएवढा. त्याच्या पुढं दुसरा.

“हे काय दिसून राह्यलं, मॅडम?” कडूनं विचारलं.

“उष्णता, कडूभाऊ. फायबरचे थर चांगले चिकटलेले असले की ती आत उतरते. इथं आत पोकळी आहे. उष्णता वरच अडकली, म्हणून हा भाग जास्त गरम दिसतो.”

“वरून तं काहीच नाही.”

“वरून दिसणारच नाही. थर जोडतानाच पोकळी राहून गेलीय. रोज पाण्याचा दाब बसून थर सुटत जातात, आणि एके दिवशी...” त्या थांबल्या. समोरचा माणूस कोण आहे हे त्यांना ठाऊक होतं.

कडूनं त्या जागेवर बोटाच्या पेरानं ठोकलं. बद्द आवाज आला. एक हात सरकून ठोकलं, तर खणखणीत. त्यानं पुन्हा पहिल्या जागी ठोकलं आणि तसाच खाली बसला.

संस्थेचे सेक्रेटरी सुरेशभाऊ धावत आले. “कडू, सुटला तू! दोन्ही नावा एकाच साच्यातल्या. आता कोण म्हणेल खडक होता?”

लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. दुपारी कडू पुलावरून चालत जैनाबादला गेला.

लीलाधरची आई रंभाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. त्याला पाहून तिनं मान वर केली नाही.

“मावशी, आज मशीन लावली दुसऱ्या नावेले. आत पोकळ निघाली. कारखान्याची चूक व्हती.”

“ऐकलं मी. सुरेशचा फोन आला व्हता.”

“अजून एक आहे. ते व्हायच्या आठ दिवस आधी मी नाव धूत व्हतो. तळाले ठोकलं तं बद्द वाजलं. मले वाटलं, फायबर असंच वाजत असंल. कोणाले सांगितलं नाही.”

रंभाबाईचे हात थांबले.

“वर्षभर मी धक्का नव्हता, धक्का नव्हता म्हणत फिरलो. हे नाही सांगितलं.”

“तुले कोणी विचारलं व्हतं?”

“नाही.”

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “मले सांगून काय व्हईल? लीलाधर येईल का? त्या मशीनवाल्या बाईले सांग. कागदावर लिहून घ्यायले लाव. दुसऱ्या कोणाची नाव अशी वाजली तं त्यानं ती पाण्यात टाकू नये.” आणि सूप पुन्हा जवळ ओढत, “आता जा.”

कडू घाटावर परतला तेव्हा मॅडम सामान गाडीत ठेवत होत्या. त्यांनी पुन्हा वही काढली. तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. “तुमचा परवाना परत मिळण्यावर याचा परिणाम होऊ शकतो,” त्या म्हणाल्या.

“लिहा,” तो म्हणाला, आणि खाली अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, अक्षर अक्षर लावून.

दुसरी नाव करवतीनं कापून टाकली. चौकशीतला खडक खोडला गेला. कडूला परवाना मिळाला, पण ताकीद देऊन, तीन महिने उशिरा. माघापासून तो भाड्याची लाकडी नाव चालवू लागला. रोज सकाळी माणसं चढायच्या आधी तो तिचा तळ ठोकून पाहतो, आणि कोणी घाई केली तरी थांबत नाही.

रंभाबाई बुऱ्हाणपूरला येते ती पुलावरून, रिक्षानं. घाटावर कधी समोरासमोर आली तर कडू उभा राहतो. ती त्याला विचारते, “पाणी किती आहे रे?” तो सांगतो. तेवढंच.