कापलेले चार सेकंद

आमच्या दुकानात कॅसेट भरून मिळायची. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं आणि बाबा कंपनीच्या मूळ कॅसेटींवरून एकेक गाणं कोऱ्या कॅसेटवर उतरवायचे. तीस मिनिटांची बाजू भरायला तीस मिनिटंच लागतात, आणि बाबा ती शेवटपर्यंत ऐकायचे. बाजू संपत आली की माइक जवळ ओढायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "बाजू संपली. कॅसेट उलटी करा." मोजून चार सेकंद. दुसरे दुकानदार कॅसेटवर शिक्का मारायचे, आमचे बाबा आवाजाचा मारायचे.

मला त्याची भयंकर लाज वाटायची. शाळेत मी बोलायला उभी राहिले की मागून कुणीतरी खाकरायचं आणि वर्ग खिदळायचा. आईला मात्र कौतुक. बाबा दर वेळी नव्याने बोलायचे, त्यामुळे कुणाच्या घरी आमची कॅसेट लागली की ती कान टवकारायची. "ही त्यांना सर्दी झाली होती तेव्हाची," म्हणायची. किंवा, "ही आमचं भांडण झालं त्या दिवशीची. कसे घुश्शात बोलतायत बघ."

बाबांनी मला धंद्यातला एकच नियम शिकवला होता. मूळ प्रत जिवापाड जपायची. नक्कल गेली तर गेली, दुसरी काढता येते.

मग ते काडेपेटीएवढं यंत्र आलं, प्लेअर. त्यात हजार गाणी. याद्या बंद झाल्या, गाणी घरबसल्या डाउनलोड व्हायला लागली, कंपन्यांनी कॅसेटी काढणं थांबवलं आणि आमच्या ओळीतली तीन दुकानं वर्षभरात मोबाइलची कव्हरं विकायला लागली. बाबा हे सगळं बघत बसले. एका दुपारी ते दुकानातल्या खुर्चीतच गेले. कानावर हेडफोन होता आणि गाणं चालू होतं.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. कॉम्प्युटर आणला आणि नवी पाटी लावली, 'जुन्या कॅसेटी द्या, गाणी प्लेअरमध्ये टाकून घ्या.' झुंबड उडाली. गावभरातल्या आमच्याच कॅसेटी परत यायला लागल्या. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते. गाणी संपली की शेवटी एक बारकासा उंचवटा दिसायचा, ते बाबा. तेवढा भाग निवडायचा, बटण दाबायचं, रेघ सपाट. प्लेअरला कुठली आलीय बाजू? पहिल्या दहा-बारा वेळा मी ऐकून कापलं. नंतर नुसतं बघून कापत गेले. जागा मात्र तेवढीच रिकामी ठेवायचे, म्हणजे पुढचं गाणं अंगावर येत नाही.

"कॅसेट ठेव गं तुझ्याकडेच, घरात अडगळ नको," असं जवळपास प्रत्येक जण म्हणायचा. मी त्या पोत्यांत भरून भंगारात दिल्या. कंपनीच्या मूळ कॅसेटी तेवढ्या पुसून, क्रमाने लावून काचेच्या कपाटात जपल्या. नियम म्हणजे नियम.

दोन वर्षांनी आई दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "एक कॅसेट लाव ना. मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय."

"हात्तिच्या, एवढंच ना," म्हणत मी कपाट उघडलं. तिसऱ्या कॅसेटवर हात ठेवला आणि चूक लक्षात आली. मूळ कॅसेटींत गायक होते, वादक होते. बाबा तिथे कुठून असणार? ते फक्त नकलांमध्ये होते. आणि कॉम्प्युटरवर न कापलेली एकही फाइल नव्हती, कारण मी कामाला फार चोख.

आईला म्हणाले, शोधते. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

आधी शिंपीकाकांकडे गेले. ते कानात इअरफोन घालून मशिन चालवत होते.

"काका, एखादी जुनी कॅसेट राहिलीय का हो? बाबांचा आवाज असलेली?"

"सगळ्या तुलाच दिल्या की. आणि आवाज तर रोज ऐकतो. तू तो राहू दिलास, फार बरं केलंस."

"मी राहू दिला नाही, काका."

त्यांनी एक इअरफोन माझ्या कानात दिला, दुसरा स्वतःच्या. गाणं संपलं. शांतता. पुढचं गाणं सुरू झालं.

"ऐकलंस?" काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते.

काका हळवे आहेत, अशी मी मनाची समजूत घातली आणि खात्री करायला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या गेल्याच वर्षी इथे आलेल्या. त्यांनी बाबांना पाहिलेलं नाही, आमची कॅसेट हातात धरलेली नाही. गाणी त्या स्वतः विकत घेऊन डाउनलोड करतात.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "गाण्यांच्या मध्ये एक म्हातारे गृहस्थ खाकरतात आणि काहीतरी उलटं करायला सांगतात. फाइल खराब असेल म्हणून मी ते गाणं काढून टाकलं, तर ते दुसऱ्या गाण्यानंतर आले."

मी इअरफोन कानात घातले. त्यांच्या प्लेअरवर मी सलग सहा गाणी ऐकली. मला काहीच ऐकू आलं नाही.

शेवटी काकांचा प्लेअर मागून आणला आणि आईच्या कानाला लावला. ती डोळे मिटून बसली. गाणं संपलं तशी तिची मान हलली आणि ती हसली.

"सर्दी झालीय त्यांना."

"जुनं असेल ते, आई."

"नाही गं. त्यांचे सगळे खोकले मला पाठ आहेत. हा नवा आहे."

तेव्हापासून ती रोज दुकानात येते. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तिला ऐकू येतं, मला नाही. मी ती जागा स्क्रीनवर मोठी करून पाहिली. रेघ सपाट आहे. मला भीती वाटते आणि रागही येतो. सगळ्या गावाला बाबा फुकट मिळतात, आणि पोटच्या पोरीला नाहीत?

आज आईने मध्येच माझं मनगट धरलं.

"बाजूचं काही बोलले नाहीत. तुला हाक मारली."

"काय म्हणून?"

तिने नाव सांगितलं. बाबांनी ठेवलेलं, फक्त त्यांनीच वापरलेलं. ते मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"परवापासून मारतायत," आई म्हणाली. "तुला ऐकू येत असेल असं मला वाटलं. ओ दे ना गं. किती वेळ हाका मारायला लावशील?"

मी दोन्ही इअरफोन माझ्या कानांत घातले आणि गाणं संपायची वाट पाहिली. संपलं.

"ओ," मी म्हणाले. "ओ बाबा. इथेच आहे मी."

चार सेकंद काही नाही. मग पुढचं गाणं सुरू झालं. मी ते मागे नेलं आणि पुन्हा ओ दिली.