पितृपक्षात अडकलेला पत्ता

मी एक पत्ता बोलतोय. गल्लीबोळातला नव्हे, इंटरनेटवरचा. साल १९९८, गाव काशी. जन्मलो त्या दिवसापासून मला पुसलं जाण्याची धास्ती आहे.

माझा धनी देवव्रत विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला: मृत्यूची इंग्रजी तारीख टाका, श्राद्धाची तिथी मिळते. तो वापरायचा कसा, हे सांगणारी पानं एका परदेशी कंपनीच्या यंत्रावर होती आणि त्यांचा पत्ता मारुतीच्या शेपटाएवढा. म्हणून त्याने मला मागवलं, सुटसुटीत आणि स्वतःचा. कंपनीची अट एकच: पंधरा दिवसांत हे नाव आमच्या यंत्राशी जोडा, नाहीतर रद्द.

खरं तर बाजारात तुरी अशीच गत होती. नाव मिळणारच या भरवशावर देवव्रतने मला लेबलांवर छापून ऐंशी फ्लॉपी महिनाभर आधीच परदेशी मराठी घरांत धाडल्या होत्या.

आणि नेमका पितृपक्ष लागला. देवव्रतचे वडील बिंदुमाधव दशाश्वमेधावर यात्रेकरूंची श्राद्धं चालवणारे. ते म्हणाले, "नाव ठेवणं म्हणजे बारसंच की. अमावास्या होऊन जाऊ दे."

"बाबा, कंपनीला पितृपक्षाशी काय मतलब?"

"त्यांना नसेल. आपल्या घरात हा दस्तूर आहे."

देवव्रतने जोडणी लांबणीवर टाकली. मी मात्र दिवस मोजत होतो. कुणी मला टाइप केलं की पडद्यावर उमटे, असा पत्ता अस्तित्वात नाही. मी असून नव्हतो. याहून भयंकर काय असतं, मला ठाऊक नाही.

तेराव्या दिवशी टोरंटोहून इंदू नावाच्या बाईंचा ई-मेल आला. 'आईची तारीख माहीत आहे, तिथी नाही. प्रोग्रॅम जमत नाही आणि तुमचा पत्ता उघडत नाही. तिथी टळून गेली असेल का?'

देवव्रतने त्यांना लगेच तिथी कळवली. मग तो ई-मेल कागदावर छापून घरी नेला आणि वडिलांना वाचून दाखवला. ते नुकतेच घाटावरून आले होते, धोतर अजून ओलं होतं.

"एकीने कळवलं, बाबा. बाकीचे दार बंद पाहून परत गेले असतील."

बिंदुमाधवांनी कागद हातात घेतला. "मग यात नवं काय आहे? हे तर पितरांचंच काम. चल, मीपण येतो."

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढल्या. मला ज्याच्याशी जोडायचं त्या कंपनीच्या यंत्राचा क्रमांक त्यांनी संकल्प सांगावा तसा एकेक आकडा करून वाचला आणि देवव्रतने टाइप केला. एक आकडा चुकला असता तर मी परक्याच्या दारात उभा राहिलो असतो. मी जीव मुठीत धरून होतो. त्यांनी तो दोनदा वाचला.

मग देवव्रतने हळूच सांगितलं, ही खबर जगभरच्या यंत्रांत पोचायला दोन दिवस लागतात.

आज पंधरावा दिवस, सर्वपित्री अमावास्या. मी वाचलो. पण काही यंत्रं मला ओळखतात, काही अजून नाही म्हणतात. न बोलता परत गेलेल्यांनो, तुमच्याकडे सकाळ आता कुठे होते आहे. एकदा पुन्हा माझं नाव टाइप करा. पहिल्याच पानावर बिंदुमाधवांनी लिहवून घेतलंय: तिथी टळली असेल, तर आजचा दिवस त्या पितरांचाच आहे.