दोन इंच उंची

मानसिंगच्या लग्नात त्याच्या आईनं त्याच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले होते. तरीही अंतरपाटाच्या पलीकडून नवरीच्या मुंडावळ्या वर डोकावतच राहिल्या. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भटजींनी मंगलाष्टकांचा सूर चढवला. मानसिंगनं जी मान खाली घातली ती हार घालतानाही वर केली नाही. नवरीच वाकली आणि तिनं हार गळ्यात घालून घेतला.

मानसिंग कन्हेरीचा. कालव्याच्या पाण्यावर त्याची पेरूची बाग होती, बागेच्या कडेनं वांगी, मेथी, घेवडा. कामाला दांडगा, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त उंची पाच फुटाला चार बोटं कमी. सारजा इंदापूरची, शिडशिडीत आणि उंच. मानसिंगचं डोकं तिच्या हनुवटीला लागायचं. घरात त्याचं काही नडत नव्हतं. नडायचं ते रस्त्यावर. बारामतीच्या बाजाराला जाताना तो झपाझप पुढं निघायचा आणि सारजा मागं राहायची. लोकांना वाटायचं, गडी तापट आहे. तापट कसला, त्याला तिच्या शेजारी दिसायचं नव्हतं.

एकदा बाजारात सारजानं पेरूची पाटी उतरवली आणि नवख्या व्यापाऱ्यानं विचारलं, "भावाला संगं आणलंय व्हय बाई? धाकटा का?"

"मालक हायेत माझे," सारजा ताडकन म्हणाली.

व्यापारी ओशाळला, हात जोडून मोकळा झाला. पण शेजारच्या गाळ्यावरची माणसं फिस्सकन हसली ती हसलीच. त्या दिवशी मानसिंग जेवला नाही. पोटात दुखतंय म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच बाजारात त्याच्या कानावर आलं, की इंदापूरच्या सिकंदर मनियाराचा आखूड पाय पुण्याच्या एका डॉक्टरनं लांब केला. हाड कापून, ताणून. ऐकणाऱ्यांनी कानावर हात ठेवले. मानसिंगच्या मनात मात्र ते घर करून बसलं. एक पाय लांब होतो तर दोन का होऊ नयेत?

पंचमीला सारजा माहेरी गेली, आणि मानसिंगनं संधी साधली. भाजीचा भाव बघायला पुण्याला जातो असं आईला सांगून तो बारामतीला गाडीत बसला, दौंडला बदलून पुण्याला उतरला आणि विचारत विचारत त्याच हाडांच्या डॉक्टरांपर्यंत पोचला.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी त्याला उभं केलं, चालवलं, झोपवून गुडघे वाकवून बघितले.

"तुमचे दोन्ही पाय धड आहेत," ते म्हणाले. "सारखे आहेत. आखूड कुठला?"

"दोन्ही," मानसिंग म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. त्याचं मानसिंगला बरं वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितलं. गुडघ्याखालचं हाड कापायचं. वर-खाली हाडातून लोखंडी सळया आरपार घालायच्या, त्या चौकटीला बांधायच्या. मग रोज पेच फिरवून हाडाची दोन टोकं केसाकेसानं लांब करायची, म्हणजे मधल्या फटीत नवं हाड धरतं. आधी एक पाय, तो भरला की दुसरा. दीड-दोन वर्षं अंथरुणात आणि कुबड्यांवर जायची. मिळाले तर दोन इंच मिळणार.

"आजवर मी हे लंगड्या माणसांसाठी केलंय," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट माणसाचे दोन्ही पाय कधी कापलेले नाहीत. पू होऊ शकतो. हाड नाही धरलं तर आहेत ते पायही जातील. तरी करायचंय?"

"करायचंय."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. नको म्हणावं असंही त्यांना वाटत होतं आणि एकदा करून बघावं असंही. दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दसऱ्यानंतर खाट रिकामी होईल," शेवटी ते म्हणाले. "पण त्याआधी इंदापूरला जा. सिकंदरला भेटा. त्याचा पाय बघा, त्याच्याशी बोला, आणि मग ठरवा. बायकोला सांगितलंय का?"

"व्हय," मानसिंग म्हणाला. धडधडीत खोटं.

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.नं इंदापूरला उतरला. सासुरवाडी त्याच गावात, म्हणून त्यानं पटका कपाळावर ओढून घेतला आणि बोळाबोळांतून सिकंदरचं दुकान गाठलं. दुकान लहानसंच होतं. भिंतीभर काचेच्या बांगड्यांचे चुडे दोऱ्यात ओवून टांगलेले, आणि मधे एका उंच स्टुलावर सिकंदर बसलेला. बाकीचे मनियार खाली बैठक मारून बायकांच्या हातात बांगड्या भरतात. इथं बायका उभ्या आणि मनियार स्टुलावर.

मानसिंगनं डॉक्टरांचं नाव काढलं तशी सिकंदरनं गिऱ्हाईक उरकलं आणि बायकोला हाक मारली. "शमा, च्या टाक. पुण्याच्या डॉक्टरसायबाचा माणूस आलाय."

मानसिंगनं सगळं सांगितलं. सिकंदर ऐकत राहिला. मग त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

नडगीवर एक लांब व्रण होता, ओल्या मातीतून काठी ओढावी तसा. वर आणि खाली खोल खळगे, सळया गेल्या होत्या तिथं. पण पाय सरळ होता. सिकंदर उतरला, उभा राहिला, दुकानात इकडून तिकडे चालून दाखवलं. कसलाही हेलकावा नाही.

"फायदा झाला का न्हाय, सिकंदरभाई?" मानसिंगनं विचारलं.

"झाला. खोटं कशाला बोलू?" सिकंदर म्हणाला. "लहानपणी ताप आला, तवापास्नं ह्यो पाय वाढलाच न्हाय. आठवडी बाजारात बांगड्यांची पेटी खांद्यावर घिऊन जायचो तर कंबर मोडून यायची. आता कंबर दुखत न्हाय. माझ्यापुरतं त्या डॉक्टरचं मी रोज भलं चिंतितो."

मानसिंगचा चेहरा उजळला. शमा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "आन बाकीचं बी सांगा की त्यास्नी."

सिकंदरनं चहाचा कप हातात घेतला. "पेच फिरवायचे ते दीस मी कुणाला सांगत न्हाय. ही सांगंल. मी वरडायचो आन ही खाटेचा पाय धरून बसायची. पुढं पू झाला, सळई काढून परत घातली. मानसिंगराव, माझा पाय तसाबी वाया गेलेला व्हता. गेला असता तर काय गेलं असतं? तुमचं दोन चांगलं पाय हायेत."

"दुखलं तर सोशीन मी."

"सोसाल वो. शेतकरी माणूस तुमी. पर हे बगा." सिकंदरनं स्टुलावर बसून गुडघा दुमडायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच तो अडला. "ह्याच्या फुडं वाकत न्हाय. मला उकिडवं बसता येत न्हाय, मांडी घालता येत न्हाय. नमाजाला सुदिक ह्या स्टुलावर बसतो. माझं भागतं, माझा धंदा हाताचा हाय. तुमी मेथी कशी खुरपणार? धार कशी काढणार?"

ही गोष्ट मानसिंगच्या मनात कधी आलीच नव्हती. त्याचा अर्धा दिवस उकिडवं बसूनच जायचा.

"आन एक," सिकंदर हसून म्हणाला. "पाय सरळ झाला. पर गावात कुणालाबी इचारा, लंगड्या सिकंदरचं दुकान कुठं हाय म्हणूनच सांगत्यात. तुमाला तरी कसं गावलं?"

मानसिंगला आठवलं, एस.टी. स्टँडवर पानवाल्यानं त्याला हेच नाव सांगितलं होतं.

तो काही बोलणार इतक्यात दुकानात सावली पडली. "सिकंदरचाचा, हिरव्या बांगड्या आल्या का?" ओळखीचा आवाज. मानसिंग खांबाआड व्हायला गेला, पण दुकान ते केवढं! सारजा दारात उभी होती. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग सिकंदरच्या उघड्या पायाकडं.

"तुमी हितं?" ती म्हणाली. "कन्हेरीस्नं निरोप न्हाय, काय न्हाय. घरी समदं बरं हाय न्हवं?"

मानसिंगनं पटका कपाळावर आणखी खाली ओढला. सिकंदरनं पायजमा खाली ओढला आणि बांगड्यांचे दोरे चाळत बसला. शेवटी शमानंच सांगून टाकलं. "तुझ्या मालकास्नी उंच व्हायचंय, सारजा. दोनी पाय कापून घ्यायला निगालेत."

सारजानं बांगड्या घेतल्या नाहीत. ती वळली आणि चालू लागली. मानसिंग तिच्या मागं धावला. आयुष्यात पहिल्यांदा ती पुढं आणि तो मागं.

गावाबाहेर चिंचेखाली ती थांबली. आईला नि डॉक्टरांना काय सांगितलं होतं तेही मानसिंगनं तिला धापा टाकत सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मेला असता म्हंजे?" ती म्हणाली. "तितं पुण्यात? आन मी हितं पंचमीचं झोकं खेळत बसले असते?"

"मरतंय कोण? दोन इंच उंची वाढती, सारजा."

"दोन इंच." तिनं हनुवटीला हात लावला, मग तिथून बोट वर नेलं. "म्हंजे आता हितवर येता, मग नाकापात्तूर येताल. नाकाशी काय काम हाय तुमचं?"

मानसिंगला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. तीही हसली असती, पण तिचे डोळे भरून आले.

"मला दोन स्थळं आली व्हती," ती म्हणाली. "एक सा फुटी व्हतं. आबांनी मला इचारलं, कुठलं करायचं? मी तुमचं म्हणलं. का, ते ठावं हाय?"

"न्हाय."

"त्या उंच गड्याला मी इचारलं, प्यायचं पाणी किती लांब हाय? तर त्याच्या घरची समदी हसली. पोरगी कामचुकार हाय म्हणली. तुमाला बी त्येच इचारलं. तुमी म्हणला, लांब हाय, वाटंत चढ बी हाय. लगीन मोडंल ह्याची भीती न धरता खरं बोलला. आन आता आईला खोटं, डॉक्टरला खोटं, मला तर सांगितलंच न्हाय."

मानसिंग मातीकडं बघत राहिला. लाज वाटत होती, पण ही लाज वेगळी होती. बाजारातली अंगावर यायची, ही आतून मोकळं करत होती.

"लोक हसत्यात गं," तो हळूच म्हणाला. "तुला बी हसत असतील."

"हसत्यात की. म्हणून तर वाकून चालते मी." ती सहज बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. "तुमच्या फुडं उंच दिसू नये म्हणून. सांजच्याला पाठ धरती. आई म्हणती, पोक काडून का चालतीस? मी म्हणते, पाटी डोक्यावर असती म्हणून."

मानसिंगनं तिच्याकडं नीट बघितलं. खांदे पुढं आलेले, मान खाली. हे त्यानं रोज बघितलं होतं आणि एकदाही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. उंच दिसण्यासाठी तो दोन वर्षं खाटेवर पडायला निघाला होता, आणि ही बाई ठेंगणं दिसण्यासाठी लग्न झाल्यापासून रोज वाकत होती.

"सरळ हो," तो म्हणाला.

"आं?"

"सरळ हुबी ऱ्हा, म्हणतो मी."

ती सरळ उभी राहिली. चिंचेची खालची फांदी तिच्या अंबाड्याला लागली. मानसिंगनं वर बघितलं. त्याला वाटलं होतं, आपल्याला कसंसंच होईल. पण छातीवरचं मणभर ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. पाय कापायचे नव्हते. सळया नव्हत्या, पेच नव्हते, कुबड्या नव्हत्या. त्याला एकदम सडकून भूक लागली.

सासूनं, ठमाबाईनं, जावई अवचित आला म्हणून पुरणाचा घाट घातला. "जावईबापू, अजून घ्या," असं ती म्हणत राहिली आणि तो घेत राहिला. दुपारी ओसरीवर तो असा झोपला, की दिवेलागणीला हलवून उठवावा लागला.

सारजा मात्र एका गोष्टीवर अडून बसली. डॉक्टरांना तोंडानं सांगून यायचं. खाट अडवून ठेवायची नाही, दुसऱ्या कुणाला तरी तिची खरी गरज असेल. मानसिंग परत पुण्याला गेला. त्यानं नको म्हणून सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागं टेकले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यापासून मीच विचार करत होतो. तुम्ही आला असता तर मीच नको म्हणालो असतो, असं वाटतं. पण खात्री नाही."

"बायकूला ठावं नव्हतं, सायेब. मी खोटं बोललो व्हतो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

पंचमीनंतर सारजा कन्हेरीला परतली. पुढच्या बाजाराला दोघं एकत्र निघाले. रस्त्याला लागल्यावर सवयीनं मानसिंगचे पाय उचलले, मग त्यानं ते आवरले. सारजाच्या डोक्यावर पेरूची पाटी होती आणि पाठ ताठ. वाटेत वांग्यांची गाडी घेऊन जाणारा म्हस्कू भेटला. त्यानं बैल आवरले आणि डोळे बारीक करून बघितलं.

"मानसिंगा," तो म्हणाला, "तुझी कारभारीण उंच झाली का रं?"

"व्हय," मानसिंग म्हणाला. "झाली."

"आता ह्या वयात?"

"व्हतंय कदी कदी."

म्हस्कू मान हलवत पुढं गेला. सारजानं पाटी सावरत हसू दाबलं, पण ते दबेना. मानसिंगलाही आवरेना. हसता हसता पाटीतले दोन पेरू सटकून रस्त्यावर घरंगळले. मानसिंगनं ते उचलले, धोतराला पुसले, एक तिच्या हातात दिला आणि एक स्वतः खात, तिच्या शेजारून, बारामतीच्या वाटेनं चालू लागला.