शिट्टी व्हायच्या आधी

मी कुकरची शिट्टी. आज ओरडत नाहीये, नुसती बोलतेय. तेव्हा कानांवरचे हात काढलेत तरी चालेल.

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. कितीतरी वर्षं मला वाटायचं, या घरातला भात मीच शिजवते. मी ओरडले की शुभदा हातातलं टाकून धावत येते, म्हणजे मी केवढी महत्त्वाची! आत वाफ बिचारी राबतेय, हे माझ्या गावीही नव्हतं.

माझा जन्म आनेकलजवळच्या एका कारखान्यातला. शुभदा आणि पद्माकर पुण्याहून बंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये राहायला आले, तेव्हा कुकरबरोबर मीही या घरात आले. पद्माकरची घरून मीटिंग सुरू झाली की मला हमखास कंठ फुटतो. तो स्क्रीनकडे बघून "सॉरी, सॉरी" म्हणत बसतो. आणि किती शिट्ट्या झाल्या, यावर या घरात आजवर एकमत झालेलं नाही.

शुभदा दर शनिवारी हॉलमध्ये लहान मुलांचा मराठी वर्ग घेते. मागच्या खेपेला तिने बॅटरी आणि आरसा घेऊन उजेड शिकवला. या खेपेला उष्णता आणि आवाज, दोन्ही माझ्याच गळ्यात.

मला धडकीच भरली. कारण मल्हार. चार वर्षांचा, नुकताच बंगळुरात आलेला. बिल्डिंगमध्ये कुणाकडेही शिट्टी झाली की हा पलंगाखाली. या वर्गाशिवाय त्याला खेळायला कुणी नव्हतं. पण त्याची आई दिव्यश्री दारातच म्हणाली, "शुभदाताई, आज रडला ना, तर परत नाही आणणार हं मी. मग झोपतच नाही तो."

ओरडले तर पोर जाणार. गप्प बसले तर कोंडलेली वाफ काय करेल, ते बोलायलाच नको.

कुकर गॅसवर चढला. मुलं स्वयंपाकघराच्या बाहेर, सतरंजीवर. कामाला येणाऱ्या धनलक्ष्मीअक्काने दारात खुर्ची आडवी लावली. "स्वल्प मागे! अजून स्वल्प!"

"पाणी तापलं की वाफ होते," शुभदा सांगत होती. "वाफेला आत जागा पुरत नाही. मग ती काय करते?"

"शिट्टीला ढकलते!" मुलांमधली कावेरी ओरडली.

मल्हारने कानात बोटं घातली होती. डोळे मात्र उघडे, माझ्यावर रोखलेले. खालून वाफ टोचायला लागली. आवर, आवर म्हटलं, पण अंग थरथरायलाच लागलं.

"आली!" मल्हार किंचाळला. "आता ओरडणार!"

सगळ्यांनी कान झाकले आणि मी ओरडले. पोर रडलं नाही.

पुढच्या शिट्टीलाही त्यानेच आधी सांगितलं. मग धनलक्ष्मीअक्काच विचारायला लागली, "मल्हारअण्णा, आली का?"

"नाही अजून. थांबा जरा."

वर्ग सुटला. दिव्यश्रीने चपला घालता घालता पुढच्या शनिवारची वेळ विचारली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तोवर कुकर निवला होता, म्हणून शुभदाने मला धुऊन मल्हारच्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या वतीने बारीक आवाज काढला, "मल्हारराव, मी शिट्टी. आता नाही ना घाबरत मला?"

त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"घाबरतो," तो म्हणाला. "पण तू ओरडायच्या आधी थरथरतेस. तूच जास्त घाबरतेस."