टेस्टचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे, पण मला घेऊन कधी कुणी बाजारात गेलं नाही की कुणाच्या डोक्यावर मी उघडले नाही. मी फोटोवाल्याची छत्री, पातळ पांढऱ्या कापडाची. माझ्या पाठीमागे स्टँडवर फ्लॅश लावतात. तो एकटा फार उद्धट. सरळ अंगावर येतो, कपाळ चमकवतो, नाकाची काळी सावली गालावर पाडतो. माझ्या कापडातून गाळून आला की तोच उजेड मऊ होतो. एवढंच माझं काम.

वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा गाळ्यात मला आठ काड्यांवर शिवलं. तिथून फोटोग्राफर महेंद्रने मला कल्याणजवळच्या मोहने गावात आणलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचा स्टुडिओ होता. एक निळा पडदा, एक स्टूल आणि मदतीला त्याची बायको शालन.

महेंद्र कॅमेरा धरायचा, बाकीचं सगळं शालन बघायची. मला किती तिरकं ठेवायचं, स्टँड किती वर घ्यायचा, हे तिला माणूस दारातून आत आला की कळायचं. बंद पडलेल्या कारखान्यातले म्हातारे कामगार कडक इस्त्रीचे शर्ट घालून यायचे आणि स्टुलावर दगडासारखे बसायचे. ती म्हणायची, "काका, श्वास सोडा की. इथं कुणी सुई टोचत नाही." ते हसायचे आणि नेमकं तेव्हाच महेंद्र बटण दाबायचा. लोक म्हणत, महेंद्रच्या फोटोत माणूस आहे त्याहून सुखी दिसतो. मला फार अभिमान वाटायचा.

सत्तरीच्या गंगुबाई पहिल्यांदाच फोटोला आल्या, तेव्हा फ्लॅश बघून उंबऱ्यातच थांबल्या. "डोळं जातील गो माझं!"

"थांबा मावशी, आधी मी बसते," शालन म्हणाली. "बघा, मला काही होतंय का."

तसं ती रोजच आधी बसायची. गिऱ्हाईक केस विंचरत असलं की महेंद्र हाक मारायचा, "शालन, बस गं जरा. लाइट बघू दे." ओले हात पदराला पुसत ती यायची, स्टुलावर बसायची. मी उजेड तिच्या चेहऱ्यावर सोडायचे. महेंद्र स्क्रीनकडे बघायचा, मला इंचभर वळवायचा आणि तिचा फोटो पुसून टाकायचा. कॅमेऱ्यातलं कार्ड भरू नये म्हणून लागलेली सवय ती. पंधरा वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा. मित्रांनो, माझ्या उजेडात सगळ्यात जास्त वेळा बसलेला चेहरा शालनचा होता.

एकदा तिने विचारलं, "दाखवा तरी. बरी आलेली का मी?"

"लाइट बरा आलेला," महेंद्र म्हणाला. "पुसला पण. टेस्टचा होता गं तो."

ती उठली आणि स्टूल गिऱ्हाइकाकडे सरकवलं.

"पायलला नोकरी लागू दे," तो मागाहून म्हणाला, "मग तुझा मोठा फोटो काढू. फ्रेमचा." पायल ही त्यांची मुलगी. तिला ठाण्यात नोकरी लागली, पहिल्या पगारातून तिने आईला मोरपिशी साडीही आणली. पण लग्नसराई होती, मग शाळांचे फोटो आले. साडी कपाटातच राहिली.

गेल्या ऑगस्टमध्ये शालनला ताप आला. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं. सहाव्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता. लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात कधीच गेला होता. मोबाइलमध्ये ती होती, पण कुठे पाठमोरी, कुठे अर्धी, कुठे दुसऱ्याचं मूल सावरताना. पायल म्हणाली, "पप्पा, आधार कार्डावरचाच मोठा करू या का?" महेंद्रने नको म्हणून मान हलवली. कॅमेऱ्याची सगळी जुनी कार्डं पिशवीत भरून तो कल्याणला, पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या दुकानात गेला. संध्याकाळी आला आणि माझ्यासमोर त्या स्टुलावर बसला.

"दुकानवाला म्हणाला, त्यावर शंभरदा दुसरे फोटो बसलेत. काही निघणार नाही." मग पायलसमोरच तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. "माझ्या हातानं पुसली गं मी तिला. रोज पुसली."

दोन दिवस पायल कॉम्प्युटरवर उतरवलेले जुने फोटो चाळत बसून होती. तिसऱ्या दिवशी तिला एक काळाकुट्ट फोटो सापडला. फ्लॅश पेटलाच नव्हता. त्यात काहीच नाही असं समजून तो पुसायचाही राहिला होता. पायल त्यातला उजेड वाढवत गेली. आधी साडीचा काठ दिसला. मग कान. मग रवाळ, मळकट अंधारातून शालन वर आली. फ्लॅशकडे बोट दाखवून ती हसत होती. 'अहो, पेटलाच नाही!' असं म्हणत असावी.

महेंद्र स्क्रीनजवळ वाकला. "हा उजेड कुठला?"

"खिडकीतला असेल, पप्पा."

तोच फोटो त्याने मोठा केला, मेणबत्त्यांच्या मागे ठेवला. कुणीतरी कुजबुजलं, फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो असा काळपट? महेंद्रने ते ऐकलं. तो फोटोसमोरून हलला नाही.

तेव्हापासून मी मिटलेलीच आहे. मी हजारो चेहरे उजळले, आणि स्टुडिओतला तिचा जो एकुलता एक फोटो उरला त्यात माझा उजेड नाही. हे दुःख मी कुणाला सांगू?

मित्रांनो, तुमच्या घरातही एक माणूस असेल, फोटो काढायची वेळ आली की बाजूला होणारं. आज त्याला समोर बसवा. सण नको, नवे कपडे नकोत. खिडकीतला उजेडही चालेल. फोटो झाला की त्याला घाईने उठवू नका, थोडा वेळ बसू द्या. आणि तुम्ही त्याच्याकडे बघा.